घारापुरीचा धक्का

दिवाळीच्या सुटीत मुलांना मुंबईस मामाकडे न्यायचे, हा आम्हां बडोदेकरांचा जुना रिवाज आहे. ज्यांचे आजोळ मुंबईत नाही, त्यांचीही एखादी मावशी किंवा आत्या तिकडे निघतेच. रात्रीची गाडी पकडावी, पहाटे मुंबईस उतरावे, आणि पुढचे चार दिवस मेव्हण्यांच्या दोन खोल्यांत सात माणसांनी कसे निजायचे याचा नकाशा आखीत बसावे. यंदा मुलांनी हट्ट धरला की एक अख्खा दिवस समुद्रावर काढायचा. चौपाटीचा समुद्र त्यांच्या लेखी खरा समुद्र नव्हे. धाकट्याचे म्हणणे असे, की ज्यात बोट नाही तो समुद्र कसला!

घारापुरीचे नाव मेव्हण्यांनी काढले. मी गप्प राहिलो. सेहेचाळीस वर्षांचा झालो, संगीत शिकवण्याच्या निमित्ताने मुंबईस अनेकदा आलो-गेलो, पण घारापुरीस कधी गेलो नव्हतो. त्याला एक कारण होते. ते पुढे येईलच.

वैकुंठ चतुर्दशीचा दिवस ठरला. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून तेवढा वार टाळला. सासूबाई मूळच्या रेवदंड्याकडच्या. तिथी ऐकताच त्यांनी बोटांवर काही मोजले आणि म्हणाल्या, "साडेदहाला पूर्ण भरती. साडेचारला सुकती. जावईबापू, येताना चिखल दिसायचा हो." त्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चौदाचे पाऊणपट साडेदहा. आणखी सहा तासांनी ओहोटीची सीमा. रेवदंड्याचे पोर हा पाढा पाटीवर बसण्याआधी शिकते. माझ्या थोरलीने लगेच मामाच्या फोनवर भरतीचे कोष्टक काढून ताडून पाहिले. फरक थोड्याशा मिनिटांचा होता. थोरली अकरा वर्षांची आहे. तिला कोणाचाही शब्द ताडून पाहिल्याखेरीज चैन पडत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

नऊच्या सुमारास आम्ही गेट वे ऑफ इंडियापाशी लाँचमध्ये चढलो. चढताच प्रत्येकाच्या गळ्यात ते नारिंगी जाकीट आले. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक माणसे गेली, हे कोणी बोलून दाखवले नाही. पण आमच्या सौ.ने दोन्ही मुलांच्या जाकिटांचे बंद स्वतः तीन-तीनदा ओढून पाहिले. धाकटा त्यात निम्मा बुडाला होता. त्याची हनुवटी तेवढी वर दिसत होती.

तास-सव्वा तासाचा तो प्रवास मला फार आवडला. लाँचच्या यंत्राने काळी दोनच्या आसपासचा एक सूर धरला होता आणि शेवटपर्यंत सोडला नाही. माझ्या वर्गातले काही विद्यार्थी इतका वेळ षड्ज धरून राहतील तर मी पेढे वाटीन! उजवीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंचच उंच याऱ्या, मध्ये तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, उत्तरेला धूसर रेघ दिसते तो २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू. मुलांना मामा सारे दाखवीत होता. मला मात्र समोरचा हिरवा डोंगर जवळ येताना दिसत होता, आणि त्याच्या पायथ्यापासून पाण्यात शिरलेली ती लांब, सरळ रेघ.

"बाबा, याला धक्का का म्हणतात? धक्का तर मारतात ने?" धाकट्याने विचारले. आमच्याकडच्या मुलांच्या मराठीत हा गुजरातीचा 'ने' यायचाच.

"बोट त्याला धक्का मारते म्हणून," मामाने तत्काळ उत्तर दिले. ते बरोबर आहे की नाही कोण जाणे. पण त्याच क्षणी लाँच धक्क्याला लागली, सगळे पुढे झुकले, आणि धाकट्याची खात्री पटली.

घारापुरीचा धक्का भारी लांब आहे. बेटाच्या या अंगाला समुद्र उथळ आणि बुडाशी सारा चिखल. बोटीला पुरेल एवढे पाणी किनाऱ्यापासून पुष्कळ दूर सापडते. म्हणून जमिनीलाच पाण्यापर्यंत यावे लागले आहे. धक्क्यावर एक खेळण्यातल्यासारखी आगगाडी आहे. छोटे इंजिन, उघडे रंगीत डबे, आणि गाडीच्या मानाने फारच रुबाबदार शिट्टी. पायी गेलात तर सावकाशीने दहा-बारा मिनिटे, गाडीने त्याच्या निम्म्याहून कमी. "केवढी नानी गाडी!" धाकटा ओरडला. गुजरातीत नानी म्हणजे लहान. मामेभाऊ मुंबईचा, त्याला नानी म्हणजे हिंदी सिनेमातली आजी ठाऊक. "ही कुणाची नानी?" म्हणून त्याने विचारले, आणि त्यानंतर दिवसभर त्या गाडीचे नाव 'आजीची गाडी' असेच राहिले.

जाताना आम्ही सारे आजीच्या गाडीतून गेलो. भरती टिपेला होती. दोन्ही अंगांनी पाणी धक्क्याच्या दगडांशी चुळचुळत होते, तिवरांचे शेंडे तेवढे वर होते आणि पाण्यावरून गाडी चालली आहे असा भास होत होता. मुलांना याहून जास्त काही नको होते. लेणी नसती तरी त्यांचे काही अडले नसते.

लेण्यांविषयी मी थोडक्यात लिहितो. पुस्तके पुष्कळ आहेत. सव्वाशेच्या आत-बाहेर पायऱ्या, त्यांच्या दोन्ही अंगांना माळा, टोप्या, दगडी हत्तींची दुकाने, गावच्या बायका काकडी, पेरू, मक्याची कणसे घेऊन बसलेल्या, आणि माकडे. एका माकडाने मेव्हण्यांच्या हातातले कणीस असे काही सफाईने उचलले, की हात पुढे राहिला आणि कणीस झाडावर. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती १८६४ साली मुंबईस नेला आणि आता राणीच्या बागेत आहे. म्हणजे हत्तीचे बेट, पण हत्ती नाही, हे थोरलीला फार लागले. सदाशिवाच्या त्या अठरा फुटी मूर्तीपुढे मात्र दोन्ही मुले आपसूक गप्प झाली. मी दबक्या आवाजात एक 'सा' लावून पाहिला. खांबांच्या रांगांतून तो फिरून परत आला तेव्हा माझा राहिला नव्हता. कोणी जाणत्याने लावल्यासारखा वाटला. सौ.ने कोपराने ढोसले. "इथे क्लास नको," म्हणाली.

वैकुंठ चतुर्दशीला शिवाला तुळस आणि विष्णूला बेल, असा उलटा रिवाज. सासूबाईंनी ओच्यात तुळशीची चार पाने बांधून आणली होती. तिथे काही वाहायचे नाही असे मेव्हण्यांनी आधीच बजावलेले. ती पाने तशीच परत आली.

उतरताना एका काकडीवालीशी सासूबाईंची गट्टी जमली. बाई बेटावरच्याच. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत म्हणाल्या. समोर मुंबई रात्रभर झगमगते, पण यांच्याकडे २०१८ च्या फेब्रुवारीपर्यंत कायमची वीज नव्हती. संध्याकाळी जनित्र चाले त्या दोन-तीन तासांत काय ते उरकून घ्यायचे. मग समुद्राच्या पोटातून तार आली. "तवापास्नं पोरं रातचं जागतात," एवढेच त्या म्हणाल्या. ते बरे की वाईट ते सांगितले नाही.

साडेचार वाजत आले होते. पायथ्याशी येऊन पाहतो तो समुद्र नाही! सासूबाईंनी सांगितला होता तो चिखल सकाळच्या पाण्याच्या जागी दूरवर पसरलेला. राखाडी, चकचकीत, मध्ये ओघळांच्या नागमोडी रेघा. कलंडलेल्या होड्या, त्यांच्या सावलीत बगळे. धक्का सकाळपेक्षा दुप्पट लांब वाटत होता. बाकीची मंडळी गाडीत बसली. मी म्हणालो, मी चालत येतो. थोरली माझ्याबरोबर उतरली. मला तेच हवे होते, आणि नकोही होते.

आता ते कारण सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात दिलरुबा वाजवीत. कलावंत कारखाना म्हणजे दरबारचे गायन-वादन खाते, हे जुन्या बडोदेकरांना सांगायला नको. खाँसाहेब फैयाज खाँ ज्या दरबारचे गवई, तिथे नाना अगदी धाकटे, शेवटच्या ओळीतले नोकर. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. नाना तेव्हा एकवीस वर्षांचे होते. मी त्यांचे अगदी शेंडेफळ, त्यांच्या पन्नाशीनंतरचे. म्हणून ज्या गोष्टी इतरांच्या आजोबांच्या असतात त्या माझ्या वडिलांच्या आहेत. त्या दिवाळीनंतर दोन सोबत्यांसह ते काम शोधायला मुंबईस आले. रेडिओवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती, ती १९७१ पर्यंत राहिली. त्यामुळे गायकामागे धरायला सारंगी आणि दिलरुबा यांना भाव होता. नानांना रेडिओच्या चाचणीला बोलावणे आले. आणि चाचणी न देताच ते बडोद्यास परत आले ते आले. पुढे आयुष्यभर घरोघर जाऊन शिकवण्या केल्या. सोबत्यांपैकी दोघेही मुंबईत राहिले, सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले, त्यांनी जागा घेतल्या.

नाना का परतले, याची आमच्या घरातली गोष्ट आई सांगे. मुंबईने बोलावले होते. पण ज्या सरकारचे मीठ खाल्ले त्यांचे गाव सोडवेना. चार माणसांत, लग्नकार्यांत, नानांच्या सत्काराच्या वेळीही ही गोष्ट सांगितली गेली. नाना मान खाली घालून बसत. लोकांना तो विनय वाटे. ते गेले त्या वर्षी स्मरणिकेत मी स्वतः ती लिहिली. आणि गेल्या वर्षी थोरलीने वक्तृत्व स्पर्धेत 'माझे आजोबा' या विषयावर तीच सांगून पहिले बक्षीस आणले, चांदीची वाटी. वाटी देवापुढे आहे.

खरी हकीकत मला नानांनी एकदाच सांगितली, तारा बदलताना. आमच्या दिलरुब्याच्या दांडीला, कोठ्याच्या सांध्यापाशी, एक पितळी पट्टी आहे. लहानपणी मला वाटे प्रत्येक दिलरुब्याला असते. मध्यमावर गज आला की त्या जागी एक बारीक भिरभिर ऐकू येते; तीही मला दिलरुब्याची जातच वाटे. पुढे दुसऱ्याचा दिलरुबा ऐकला तेव्हा कळले, की ती आमच्या दिलरुब्याची आहे. म्हणून विचारले.

चाचणीच्या आदल्या दिवशी तिघे हौसेने घारापुरीला आले होते. बिऱ्हाड चार अनोळखी माणसांचे. तिथे वाद्य ठेवून यायला मन होईना, म्हणून गवसणीत घालून पाठीशी घेतले. त्या काळी असा सलग धक्का नव्हता. चिखलात सिमेंटचे सुटे ठोकळे ओळीने ठेवलेले. जुन्या प्रवासी पुस्तकांतही त्या निसरड्या ठोकळ्यांविषयी तक्रार सापडते. ओहोटीला एकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत जायचे. सोबती पुढे, नाना मागे. शेवाळावर पाय गेला. नाना चिखलात पडले असते तर निभावले असते. पाठीवर पडले, ठोकळ्यावर. दांडी सांध्यात मोडली. "घसरलो रे, पाय घसरला. बाकी काही नाही," नाना म्हणाले आणि तार खुंटीला गुंडाळू लागले. रावपुऱ्यातल्या एका कारागिराने सरस लावून पट्टी मारून दिली. तोवर दोन महिने गेले होते.

हे सारे मी त्या धक्क्यावरून चालताना थोरलीला सांगितले. सुरुवात कशी केली ते आठवत नाही. चिखलाकडे बोट दाखवून "तुझे आजोबा इथे कुठेतरी पडले होते" असे काहीसे म्हणालो असेन. ती थांबली. कठड्यावरून खाली वाकून पाहू लागली, जणू ठोकळे अजून असतील. ठोकळे दिसले नाहीत. एक खेकडा होता.

"म्हणजे आजोबांना यायचं नव्हतं बडोद्याला?"

"तेव्हा तरी नव्हतं."

"मग दुसऱ्या कुणाचा दिलरुबा का नाही मागितला?"

हा प्रश्न मी नानांना विचारला नव्हता. विचारायला हवा होता. मला सुचेल ते सांगितले: वाद्य हाताचे असते, उसन्या वाद्यावर चाचणी देता येत नाही, शिवाय अंगावर चिखल, कोपर सुजलेले, एकवीस वर्षांचा मुलगा. घाबरले असतील. लाज वाटली असेल. ती ऐकत होती, पण हे तिला ताडून पाहता येण्यासारखे नव्हते, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

थोडे पुढे गेल्यावर म्हणाली, "मी खोटं बोलले ने स्पर्धेत?"

"तू नाहीस. मी लिहिलं होतं, तू वाचलंस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

माझ्या वर्गात चुकलेल्या सुराला मी कधी सूट देत नाही, ही माझी ख्याती आहे. तिथे त्या धक्क्यावर एका मुलीने मला पकडले आणि मला काही उत्तर नव्हते. मागून आजीची गाडी आली. धाकटा, मामेभाऊ आणि काही परकी मुले हात हलवीत ओरडत पुढे गेली. ती गेल्यावर थोरली म्हणाली, "वाटी परत द्यायची का?" मी म्हणालो, तुला वाटेल तसे. ती म्हणाली, "विचार करते." मग एकदम, "आणि आजीला सांगायचं?"

माझी आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिला प्रवास झेपत नाही म्हणून ती बडोद्यालाच होती. मी थोरलीला म्हणालो, आजीला नको. हेही मी फार पटकन म्हणालो.

धक्क्याच्या टोकाला मंडळी रांगेत उभी होती. ओहोटीमुळे लाँच खूप खाली गेली होती. सकाळी एका ढांगेत ओलांडली ती बोट आता ओल्या, हिरव्या पायऱ्या उतरून गाठायची होती. सासूबाईंनी ओच्यातली तुळशीची पाने काढून पाण्यात सोडली. ओढ बाहेरची होती, पाने मुंबईच्या दिशेने गेली. उतरताना खलाशाने प्रत्येकाचा दंड धरला. थोरलीने त्याचा हात घेतला नाही. बसून, एकेक पायरी चाचपीत, दोन्ही हात टेकून उतरली. सौ. म्हणाली, "अगं, कपडे!" मी काही बोललो नाही.

चार दिवसांनी आम्ही घरी पोचलो. संध्याकाळी मी शिकवणी आटोपून बाहेर आलो तो थोरली खाली बसून दिलरुबा मांडीवर घेऊन पितळी पट्टीवरून बोट फिरवीत होती. गज हातात नव्हता. आई पलीकडे झोपाळ्यावर वाती वळीत होती.

"काय काय बघितलंत गं घारापुरीला?" आईने विचारले.

थोरलीने माझ्याकडे पाहिले. "धक्का," ती म्हणाली.

आईने वात वळून तबकात ठेवली, दुसरी घेतली. "निसरडा असतो म्हणे," ती म्हणाली. "अजून तसाच आहे का गं?"